बाझलमधली सायकल, दादरचा इंडिकेटर

रात्रीचे साडेबारा वाजले होते, म्हणजे मुंबईत पहाटेचे चार. भाच्याचा फोन. "मामा, झोपलास का?" एवढं म्हणाला आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या फ्लॅटवर त्याने नखाएवढा कागदाचा चौकोन जिभेवर ठेवला होता. ती रात्र कशीबशी सरली. पण तेव्हापासून दादरला गाडीची वाट बघत उभा राहिला की इंडिकेटरवरचे लाल आकडे, मान वळवली तरी रेघ ओढत मागोमाग येतात. घरी पाठ टेकली की छतावर बारीक ठिपके वळवळतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. "मला वेड लागतंय का रे?" आणि लगेच, "आईला सांगू नकोस. शपथ आहे."

मी गेली अकरा वर्षं स्वित्झर्लंडमधल्या बाझलला राहतो. त्या कागदावर म्हणे एलएसडी होतं, भास घडवणारं नशेचं द्रव्य. त्याचा जन्म याच गावातला. सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ साली बनवलं आणि १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतःवर घेऊन पाहिलं. मात्रा २५० मायक्रोग्रॅम. अगदीच किरकोळ मात्रा आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढे कळलं की ती चांगलीच जबर होती. युद्धामुळे मोटारगाड्यांवर निर्बंध, म्हणून ते सायकलवरून बॉटमिंगेनला घरी निघाले. त्या सायकलफेरीची चित्रं मुंबईतल्या कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवरही दिसतात. घरी पोचल्यावर काय झालं, ते मात्र टी-शर्टवर नसतं. त्यांना वाटलं, आपण वेडे होतोय, मरतोय. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकीण दिसली. डॉक्टर आले, नाडी-रक्तदाब बघितला. विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काही सापडलं नाही. वाटेत सोबतीला त्यांची प्रयोगशाळेतली सहकारी सायकलवर होती. काय घेतलंय आणि किती घेतलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांपासून लपवायचं काही नव्हतं. पुढे हॉफमन १०२ वर्षं जगले.

माझ्या भाच्यापाशी यातलं काहीच नव्हतं.

मुंबईत एलएसडीसह कुणाला पकडल्याची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. काका लिहितात, दोन रट्टे दिले की नशा उतरते. चुलतभाऊ लिहितो, अहो, स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून देतात, आपलेच लोक मागासलेले. आणि दोघेही साक्षीला मला बोलावतात.

साक्ष द्यायचीच तर चुलतभावाला आधी. इथेही एलएसडी बाळगणं गुन्हाच आहे. ठरावीक डॉक्टरांना, एकेका रुग्णासाठी, सरकारच्या आरोग्य खात्याकडून खास परवाना काढावा लागतो. २०१४ साली ज्या अभ्यासाचा फार बोलबाला झाला, त्यात गंभीर आजारामुळे मृत्यूच्या भीतीने पोखरलेले सगळे मिळून बारा रुग्ण होते. अशा अभ्यासांत आधी खोदून खोदून विचारतात: घरात कुणाला स्किझोफ्रेनिया होता का, बायपोलर होता का, तुम्ही त्यावरचं लिथियम हे औषध घेता का. होकार आला तर बहुधा तिथेच थांबवतात. ज्यांना घेतात त्यांच्या उशाशी प्रशिक्षित माणूस दिवसभर बसतो, कारण अंमल आठ ते बारा तास टिकतो. मित्राच्या फ्लॅटवरची रात्र या पंगतीत बसत नाही.

आता काका. एलएसडीची दारूसारखी, ब्राऊन शुगरसारखी शारीरिक सवय लागत नाही, आणि निव्वळ त्याच्या विषारीपणाने माणूस दगावल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. जीव जातो तो बहुतेकदा भ्रमाच्या भरात गच्चीवरून, रस्त्यावर. किंवा कागदावर भलतंच काही असल्याने: एनबोम नावाची रसायनं एलएसडी म्हणून खपवली जातात आणि त्यांनी माणसं मेली आहेत. मनावरच्या परिणामांचं म्हणाल, तर १९६० साली सिडनी कोहेन या अमेरिकी डॉक्टरांनी एलएसडी किंवा तसंच द्रव्य घेतलेल्या सुमारे पाच हजार माणसांची माहिती गोळा केली. दोन दिवसांहून अधिक टिकलेला मनोविकाराचा झटका निरोगी स्वयंसेवकांत हजारी एकाहूनही कमी जणांना आला होता, रुग्णांत साधारण दोघांना. २०१३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एक लाख तीस हजार लोकांच्या सर्वेक्षणात शोध घेतला. अशी द्रव्यं घेणं आणि मानसिक आजार यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

हे आकडे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मग मी त्या हजारातला तो एक आहे का?"

त्याला जे दिसत होतं त्याला नाव आहे. एचपीपीडी. नशा उतरून गेल्यावरही नजरेत राहून गेलेले विकार: हलत्या वस्तूमागे शेपूट, दिव्याभोवती वलय, हवेत मुंग्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात १९८७ पासून त्याची नोंद आहे. एकदाच घेतल्यावरही होऊ शकतं. हमखास असं औषध नाही; पण पुष्कळांचं हळूहळू फिकट होत जातं, आणि जागरण, ताण, गांजा यांनी उचल खातं. त्याला हे भास आहेत हे कळतंय, आकडे खरंच धावत नाहीत हे तो स्वतःच सांगतोय, ही मोठी दिलाशाची गोष्ट. हे ऐकल्यावर तो रडला. पार्टीनंतर 'शांत वाटावं' म्हणून रोज रात्री गांजा ओढत होता, हेही तेव्हाच बोलला.

दोन महिने हे त्याला कुणीच का सांगितलं नाही? कारण त्याने फारसं कुणाला विचारलंच नाही. एकदा धीर करून उपनगरातल्या एका डॉक्टरांकडे गेला, तर त्यांनी 'पोलिस केस आहे' म्हणून दारातूनच वाटेला लावलं. त्याची भीती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यात एलएसडीची 'अल्प मात्रा' ०.००२ ग्रॅम आणि 'व्यापारी मात्रा' ०.१ ग्रॅम. शुद्ध एलएसडीचा ०.१ ग्रॅम म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमच्या हजार मात्रा. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कागदाचं वजनही धरायचं ठरवलं; म्हणजे तळहातावर मावतील एवढ्या चौकोनांतच व्यापारी मात्रा भरते आणि किमान दहा वर्षांचा तुरुंग. याच कायद्याचं कलम ६४अ उपचाराला स्वतःहून येणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं, पण ते व्यसनींसाठी लिहिलेलं. एकदाच चुकलेल्या पोराने आधी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यायचं का?

झुरिकमध्ये सरकारी पैशावर चालणारं केंद्र आहे. तिथे आपल्याजवळचा माल नाव न सांगता तपासून मिळतो, आणि समुपदेशकाशी बोलणं हा त्या तपासणीचाच भाग असतो. हे या लोकांना उपजत आलेलं नाही. झुरिकच्या भर बागेत हजारो माणसं सुया टोचत बसायची. १९९२ मध्ये ती बाग बंद केली तेव्हा कुठे अक्कल आली. असं केंद्र उद्या परळला निघेल, असं मला वाटत नाही. पण आपल्याकडेही अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं केलंच ना? व्यसनी माणसाला आधी माणूस म्हणून आत घ्यायचं, हे आपण मराठीत शिकलोय. केईएम, नायर, सायनला मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर काढला की दाखवता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून मराठीत बोलता येतं. हे घराघरांत ठाऊक असतं, तर त्याला पहाटे चारला सहा-साडेसहा हजार किलोमीटरवरच्या मामाला फोन लावावा लागला नसता.

शपथ मी आठ दिवस पाळली, मग त्यालाच म्हटलं, आता तू सांग, मी फोनवर आहे. ताईचा आधी आवाजच फुटेना. मग तिने विचारलं, "जेवतोस ना नीट?" आणि मला म्हणाली, "त्याने नाही सांगितलं ते समजू शकते मी. तू आठ दिवस कसा गप्प बसलास?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आता दर दुसऱ्या बुधवारी दोघं ओपीडीला जातात. तो आत, ती बाकावर. गांजा सुटलाय, झोप परत येतेय. छतावरच्या मुंग्या दमल्यावरच दिसतात म्हणतो. गेल्या बुधवारी दादरहून फोटो पाठवला, इंडिकेटरचा. खाली लिहिलं होतं, "आज थोडी कमी रेघ."