दोन्ही काटे एकदम बिघडले म्हणजे मीटर गेलं? थांबा जरा

उन्हाळा लागला की पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या डिझेल पिकअपचे टेंपरेचर आणि डिझेलचे काटे एकाच वेळी चुकले तर मीटर (डॅशबोर्डवरचा काट्यांचा अख्खा संच) गेलं, अख्खं बदलवा. सेंडर (काट्याला माहिती पाठवणारा भाग) तपासायचा तर बॅटरीतून डायरेक्ट बारा व्होल्ट द्या. नागपूरच्या उन्हात काटा वर राहणारच, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. आणि डिझेल किलोमीटरवर मोजा, काटा नसला तरी चालतं. कळमन्याला संत्री उतरवताना मला हा मेसेज एकाच सकाळी तिघांनी दाखवला.

मीटरचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. टेंपरेचरचा सेंडर इंजिनच्या पाण्यात, डिझेलचा टाकीत. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ते एकाच दिवशी मरणं म्हणजे नुसता योगायोग. दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं: फ्यूज, मीटरची अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर), आणि बऱ्याच जुन्या मीटरमागे असतो तो छोटा व्होल्टेज रेग्युलेटर. गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो. रेग्युलेटर काट्यांना त्यापेक्षा कमी, ठरलेला व्होल्टेज पोचवतो. तो अडकला की दोन्ही काटे वर पळतात, त्यातून काही येईनासं झालं की दोन्ही खाली पडतात.

माझ्या गाडीचं दुखणं याहून साधं निघालं. इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा त्याच तालावर हलायचा, हेडलाइट लावले की टेंपरेचर चढायचं. दिवा लावल्याने इंजिन तापत नसतं, हे माझ्याही लक्षात यायला आठवडा गेला. एका गॅरेजवाल्याने तोवर मीटरचा भाव सांगून झाला होता. शेवटी पारडीकडचा एक म्हातारा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काहून बदलवता भाऊ मीटर? अर्थिंग तं पाहा पहिले." मीटर बाहेर ओढलं तर काळ्या वायरच्या टोकाला हिरवा थर, स्क्रूखाली गंज. पॉलिश पेपरने दोन्ही घासले, स्क्रू आवळला, काटे जागेवर. मीटर कधी खरंच जातंही, पण त्याचा नंबर शेवटी.

बारा व्होल्टवाला सल्ला मात्र धोक्याचा आहे. टाकीतला सेंडर म्हणजे बारीक तारेचा रेझिस्टन्स आणि त्यावरून सरकणारा फ्लोटचा हात. डायरेक्ट बॅटरी दिली तर ती तार जळते, आणि ठिणगी पडली तर टाकीच्या तोंडाशी पडते. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही हे खरं, पण भारतीय मानकात त्याच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) अट किमान ३५ अंशांचीच आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या वर जातो.

तपासायचं उलट बाजूने. टेंपरेचर सेंडरची एकुलती वायर काढा, चावी ऑन करा: काटा थंडीकडे पडायला हवा. तीच वायर इंजिनच्या धातूला सेकंदभर टेकवा: काटा गरमकडे चढायला हवा. असं झालं तर मीटर आणि वायर शाबूत, सेंडर संशयित. नाही झालं तर सेंडरला हात लावू नका, वायर शोधा. (सेकंदभरच; जुना काटा फार वेळ टेकवून ठेवणं सोसत नाही.) डिझेलच्या काट्याला हीच युक्ती टाकीपासून लांब, वायरच्या मधल्या कप्लरवर (जोडावर). मात्र काटा काही गाड्यांत फुलकडे जातो, काहींत रिकाम्याकडे. आणि नवा सेंडर बसवताना चुड्यांवर (आट्यांवर) टेफलॉन टेप गुंडाळू नका. एका वायरच्या सेंडरची अर्थिंग त्या चुड्यांतूनच होते.

थर्मोस्टॅट काढून गाडी थंड राहते हा समज गॅरेजमध्येही पक्का आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. तो काढला की तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापू शकते. शिवाय "काटा वर राहणारच" म्हणणाऱ्याला काटा खाली आला की बरं वाटतं. पण कूलंट (इंजिनचं पाणी) कमी झालं आणि सेंडर पाण्याऐवजी वाफेत लटकला तर तापलेल्या इंजिनावरही काटा खाली येतो. चढावर काटा अचानक पडला तर गाडी बाजूला घ्या, आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका.

किलोमीटरवर डिझेल मोजणं काटा दुरुस्त होईपर्यंत ठीक. पण काटोलहून भरून येताना आणि रिकामं जाताना अ‍ॅव्हरेज सारखं पडत नाही. अंदाज चुकून टाकी संपली की नुसतं डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. लाइनने हवा घेतलेली असते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल ओढणारा हातपंप) मारत बसायचं, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. भर उन्हात, हायवेच्या कडेला, मागे संत्र्यांचे क्रेट.