झडतीवरून निघालेला वाद

वादाला तोंड फोडले मास्तरांनी. तुरुंगातून सुटलेल्या बाईच्या मनावर ओरखडे राहतात हे त्यांना मान्य होते. पण शिक्षा म्हटली की त्रास आलाच, त्यात बाई आणि पुरुष असा भेद कशाला, असा त्यांचा सवाल होता.

"भेद झडतीपासून सुरू होतो, मास्तर," वकीलबाई म्हणाल्या. तुरुंगात येणाऱ्या अनेक स्त्रियांनी त्याआधीच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेले असतात. अशा बाईला कपडे उतरवून उभे राहायला सांगितले, की झडती घेणारीच्या लेखी ते रोजचे काम असले, तरी हिचे अंग मात्र जुन्याच प्रसंगात जाऊन थिजते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेले स्त्री कैद्यांसाठीचे बँकॉक नियम म्हणूनच सांगतात, की स्त्रियांची झडती प्रशिक्षित स्त्री कर्मचाऱ्यांनीच घ्यावी आणि कपडे उतरवण्याऐवजी स्कॅनरसारखे पर्याय शोधावेत. बाळंतपणाच्या वेळी बेड्या घालू नयेत, हेही त्यात आहे. (हे कागदावर लिहून ठेवावे लागले, यावर मास्तरही गप्प झाले.)

"आणि जिच्यावर गुन्हा घडला, तिचे काय?" त्यांनी थोड्या वेळाने विचारले. प्रश्न रास्त होता. तरीही मला वाटते, की न्यायालय शिक्षा वर्षांत मोजून देते आणि ही विटंबना कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

मग वकीलबाईंनी त्यांच्या एका अशिलाविषयी सांगितले. सुटून आल्यावर ती घराच्या उघड्या दारापाशीही कोणी 'जा' म्हणेपर्यंत थांबत असे. किल्ल्यांचा जुडगा वाजला, की हातातले काम टाकून ताठ उभी राहत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, ज्यातून सुटका अवघड अशा दीर्घ आघातांनंतरच्या विकाराला वेगळे नाव मिळाले आहे. भावनांवर ताबा न राहणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि माणसांशी जवळीक न जमणे ही त्याची खास लक्षणे. पण जवळीक तुटते ती दोन्ही बाजूंनी. तिच्या मागे नातेवाइकांकडे वाढलेला मुलगा तिला 'अगं आई' म्हणत नव्हता. पाहुण्या बाईला म्हणावे तसे 'अहो' म्हणत होता.

"आता काय म्हणतो?" मास्तरांनी विचारले.

"अजून अहोच."