गाडी गरम होईपर्यंत

निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला, की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये जुन्या गाड्या आपला रंग दाखवतात. रंग काळाच. सकाळी साडेसहाला कुणीतरी जुनी झेन सुरू करतो, मागून काळा भपका निघतो, पेट्रोलच्या वासाने पहिल्या मजल्यावरच्या काकूंची खिडकी धाडकन बंद होते आणि इंजिन गचके खात उभं राहतं. सात-आठ मिनिटांनी तीच गाडी अगदी गुणी. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेलं पोर असतं ना, तसं. मेकॅनिक रेस देऊन बघतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी एकदम ओके. प्लग टाकू का नवीन?"

प्लग टाकू नका, काढून बघा. टोकाला कोरडी, मखमली काजळी असेल तर गाडी रिच चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, तेलकट काळं असेल तर ऑइल जळतंय, आणि ते दुखणं वेगळं. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकही हुंगून घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन पेट्रोलने धुतलं जातंय. थंडीत सायलेन्सरमधून निघून लगेच विरणारा पांढरा धूर मात्र नुसती वाफ असते. तो बघून "हेड गॅस्केट गेलं" असं जाहीर करणारे एक काका प्रत्येक पार्किंगमध्ये असतात. त्यांना नमस्कार करावा आणि बॉनेट उघडावं.

थंड इंजिनाला मिश्रण जाडच, म्हणजे रिच लागतं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हा हिशोब तापलेल्या इंजिनाचा. थंडीत बरंचसं पेट्रोल वाफ न होता आतल्या भिंतींनाच चिकटतं, म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते मुद्दाम जास्त सोडतो. किती जास्त, हे तो कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणाऱ्या कूलंट टेंपरेचर सेन्सरला विचारून ठरवतो, आणि इथेच घोळ होतो.

सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो, आणि वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे ईसीएमच्या लेखी थंडी. बाहेर १२ अंश असताना त्याला काश्मीर वाटायला लागतं. वायर पूर्ण तुटली तर तो चेक लाइट तरी लावतो, अर्धवट गंजाचं खोटं त्याला खरं वाटतं. म्हणून सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास यायला हवेत. आकडा बरोबर आला तरी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, कारण गंज मीटरला नाही, कनेक्टरला असतो. आणि डॅशबोर्डवरचा काटा नीट हलतो यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा असतो. लोक हटकून तोच बदलतात.

दुसरा संशयित थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. "गाडी तापणार नाही" म्हणून तो काढून फेकण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गाडी खरंच तापत नाही, म्हणून ईसीएम गंगापूर रोड संपेपर्यंत जास्तीचं पेट्रोल पाजत राहतो. तपासणी फुकट आहे: रेडिएटरचा वरचा पाइप हाताने चाचपत राहा, फक्त पंख्यापासून बोटं लांब ठेवा. पाइप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला, तर वॉल शाबूत. पहिल्या मिनिटापासूनच कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. काढलेला वॉल पाण्यात उकळून बघायचा असेल, तर ८२ अंशांच्या आसपास उघडायला हवा. त्यासाठी चहाचं पातेलं घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

मग पेट्रोलचा दाब सांभाळणारा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. त्याचा व्हॅक्यूम पाइप काढा. आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला पडदा, म्हणजे डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल त्या पाइपातून थेट इंजिनात जातंय. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा. तो स्वतः तीनशेएक अंश तापल्याशिवाय बोलत नाही आणि थंड इंजिनात ईसीएम त्याचं ऐकतही नाही. महागडा असतो, एवढंच त्याच्या बाजूने.

ईसीएमऐवजी कार्बोरेटरने पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या मारुती एटहंड्रेडला एवढी चैन नाही. चोकची नॉब आत ढकला, एअर फिल्टर काढून चोकचा हवा अडवणारा फ्लॅप बघा. तो पूर्ण उभा व्हायला हवा. केबल अडकून तिरका राहिला, तर आजार तिथेच आहे. आणि मुंबईत सेट केलेला कार्बोरेटर कसारा घाट चढून आला, की इथल्या विरळ हवेत किंचित रिचच चालतो.

शेवटी गॅरेजला द्यायचीच वेळ आली तर आदल्या संध्याकाळी द्या आणि थंड इंजिनच तपासायला सांगा. पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. नाहीतर सकाळी तुम्ही पोचायच्या आत तिथला पोऱ्या झाडू मारायला म्हणून गाडी सुरू करतो, चार फूट पुढे घेतो आणि चहा येईपर्यंत तशीच चालू ठेवतो.