“हजारो वर्षं वापरतोय, मग धोका कसला?” या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी नैसर्गिक गोष्टींबद्दल उगाच भीती पसरवतोय, झाडातलं रसायन आणि लॅबमधलं रसायन यात फरक असतो, आणि हजारो वर्षं लोक वापरतायत म्हणजे ते सेफच असणार.

रसायनाचं पटकन सांगतो. मिथाइल युजेनॉल हे वासाचं रसायन जायफळातून आलं काय किंवा लॅबमध्ये बनवलं काय, रेणू तोच. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये फ्लेवरसाठी लॅबमधलं बंद केलं कारण मोठ्या डोसमध्ये प्राण्यांना कॅन्सर झाला होता आणि तिथला कायदा मग सूटच देत नाही, पण फ्लेवरमध्ये असतं तेवढ्याने माणसाला धोका नाही असंही त्यांनीच सांगितलं. चिमूटभर जायफळाला घाबरू नका, हे मीही म्हणेन.

पण हजारो वर्षांचा अनुभव, यावर मला खरंच तळमळीने बोलायचंय. खाल्ल्यावर तासाभरात उलटी झाली, छातीत धडधडलं, तर ते लोकांच्या लगेच लक्षात येतं आणि ते झाड विषारी म्हणून बाजूला पडतं. पाच-दहा वर्षांनी किडनी गेली तर त्याचा संबंध एखाद्या मुळीशी कोण जोडणार? अ‍ॅरिस्टोलोकिया घ्या, शतकानुशतकं औषधात वापरलेली वनस्पती. 1990 च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये दुसऱ्या मुळीच्या जागी ती चुकून गेली आणि साधारण शंभर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. एकाच शहरात, एकाच प्रकारच्या गोळ्या घेतलेल्या पेशंट एकदम आल्या म्हणून तरी डॉक्टरांना कळलं, एरवी ते कळलंच नसतं.

दालचिनीचं तुम्ही विचारलंय. जाड, कडक, एकाच सालीची गुंडाळी असते ती कॅसिया, आणि पातळ पापुद्र्यांचे थरावर थर असतात ती सिलोन. कॅसियात कूमारिन नावाचं नैसर्गिक रसायन बरंच असतं, साधारण ग्रॅमला 3 मिलिग्रॅम धरा, कमीजास्त होतं. युरोपातली मर्यादा रोज वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6, म्हणजे दोन ग्रॅम पावडरीतच कोटा संपला. स्वयंपाकात वापरता त्याचं काही नाही, पण शुगरसाठी रोज चमचाभर पावडर महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची मला काळजी वाटते, काहींच्या लिव्हरला इतकं कूमारिन झेपत नाही. घ्यायचीच असेल तर सिलोन घ्या, तिच्यात कूमारिन अगदी नावाला असतं.

आणि तुमचं स्वतःचं. बीपीची गोळी चालू आहे आणि रोज ज्येष्ठमधाचा काढा घेता, काहीच झालं नाही असं लिहिलंय. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन किडनीतल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे कॉर्टिसॉल हे शरीरातलंच हार्मोन तिथे मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. बीपी वाढतं, आणि गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम अजूनच खाली जातं. हे आतल्या आत चालू असतं, बऱ्याचदा जाणवतही नाही, म्हणून “काही झालं नाही” हे फक्त तब्येतीच्या अंदाजावर ठरवू नका. या आठवड्यात बीपी आणि पोटॅशियम तपासून घ्या आणि डॉक्टरांना काढ्याचं स्पष्ट सांगा, तोवर काढा बंद ठेवा, गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट आला की इथेच लिहा, त्यावर बोलू.