रॉबर्ट एन्केबद्दलचा तो मजकूर अर्धवट आहे

‘जर्मन गोलरक्षक रॉबर्ट एन्केने मुलीच्या विरहात जीव दिला’ असा मजकूर फिरतो आहे. त्याची मुलगी लारा हृदयविकाराने २००६ मध्ये गेली, अवघ्या दोन वर्षांची असताना. तो घाव खराच. पण एन्केने नैराश्यावर उपचार घेतले होते २००३ मध्येच, लाराच्या जन्माआधी. १० नोव्हेंबर २००९ रोजी, ३२ व्या वर्षी तो गेला. दुसऱ्याच दिवशी पत्नी तेरेसा आणि त्याचे डॉक्टर या आजाराबद्दल जाहीरपणे बोलले. आजार उघड झाला तर दत्तक मुलगी आपल्यापासून काढून घेतील, अशी त्याला भीती होती. हे वाचताना आजही गलबलून येतं. मजकूर पुढे पाठवलाच असेल, तर ही दुरुस्तीही पाठवा. आणि तुमचंच मन खचलं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.