५०० मीटरवर दिसतं, पण नेमकं काय दिसतं?

रात्रीच्या शिकारीसाठी स्वस्तातलं नाइट व्हिजन शोधायला लागलं की एक मजकूर हमखास समोर येतो. त्याचा मथितार्थ असा: डिजिटल यंत्रं आता इतकी सुधारली आहेत की महागड्या ट्यूबवर (अंधुक उजेड वाढवून दाखवणाऱ्या नळीच्या यंत्रावर) पैसे घालवायचं कारण नाही, मिट्ट काळोखातही ५०० मीटरवरचं जनावर स्वच्छ दिसतं, फोर-के लिहिलेलं असेल तर बाकी काही बघू नका, इन्फ्रारेड दिवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचाच घ्या, तो कुणालाच दिसत नाही, झूम जितका जास्त तितकं बरं, आणि थर्मलची, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या यंत्राची, गरज संपली. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे. पण ५०० मीटरच्या दाव्यावर विसंबून कुणी बार टाकला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी तोच घेतो.

खोक्यावर छापलेलं अंतर म्हणजे ‘तिथे काहीतरी आहे’ एवढं कळण्याचं अंतर, तेही बहुधा उघड्या माळावर, स्वच्छ हवेत. शिकाऱ्याला एवढ्याने भागत नाही. दिसणं, जात कळणं आणि नेमकी ओळख पटणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये या पायऱ्यांना आकडे दिले. वस्तूच्या लहान बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेघांची साधारण १ जोडी उमटली तर वस्तू आहे हे कळतं, ४ जोड्या उमटल्या तर ती कुठल्या प्रकारची हे कळतं, आणि ओळख पटायला ६.४ जोड्या लागतात. एका जोडीला किमान २ पिक्सेल धरले तर हे अनुक्रमे २, ८ आणि १३ पिक्सेल होतात. शिवाय हे आकडे निम्म्या वेळा बरोबर ओळखण्याचे आहेत. निम्म्या खात्रीवर गोळी झाडत नाहीत.

आता हा हिशोब एका साध्या यंत्राला लावून बघा. दृश्याची रुंदी १० अंश असेल तर ३०० मीटरवर सुमारे ५२ मीटरचा पट्टा दिसतो. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर आडवे १९२० पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलच्या वाट्याला तिथले जवळपास २७ मिलिमीटर येतात. पाठीपासून पोटापर्यंत ४० सेंटिमीटर भरणारं रानडुकराचं धड साधारण १५ पिक्सेलमध्ये मावतं. कागदावर जमलं. पण तुम्ही सेन्सर बघत नसता, डोळ्यापुढचा छोटा पडदा बघत असता. स्वस्त यंत्रात तो ६४० पिक्सेल रुंद असला, तर तेच धड जेमतेम ५ पिक्सेलचं उरतं. म्हणजे एक फिकट ठिपका. तो डुक्कर आहे, वासरू आहे की पाणी द्यायला निघालेला आणि वाकून उभा राहिलेला माणूस, हे त्या ठिपक्यावरून सांगता येत नाही. त्यात अंधार वाढला की यंत्र सिग्नल ताणतं, पडद्यावर मुंग्यांसारखे ठिपके वळवळतात, आणि कागदावरचे पिक्सेलसुद्धा हाती लागत नाहीत.

“पण डोळे चमकतात ना!” हे उत्तर ठरलेलं. चमकतात, आणि खूप लांबून चमकतात. हरीण, कोल्हा, मांजर, कुत्रा, गाय या सगळ्यांच्या डोळ्यांत पाठीमागे प्रकाश परतवणारा थर असतो. म्हणजे लांबून दिसणारे दोन ठिपके कोल्ह्याचे असू शकतात, तसे शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही. उलट ज्याच्यामागे बरेच जण रात्री बसतात त्या डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतोच, त्यामुळे त्याची चमक मंद. डोळ्यांवरून सावज शोधा हवं तर, पण नेम धरायला तेवढं पुरेसं मानू नका.

याहून जपायला हवी अशी एक गोष्ट त्या मजकुरात कुठेही नाही. इन्फ्रारेड दिव्याने जनावर उजळतं, त्याच्या मागचं रान उजळत नाही. जनावर ८० मीटरवर असेल आणि दिव्याची ताकद १५० मीटरला संपत असेल, तर पलीकडे फक्त काळं दिसेल. ते काळं म्हणजे मातीचा बांध असू शकतो, रस्ता असू शकतो, घर असू शकतं. गोळी मात्र दिव्याबरोबर थांबत नाही. शिवाय चित्र सपाट आणि एकरंगी, त्यामुळे अंतराचा अंदाज डोळ्याला लागत नाही. जिथे बसायचं ती जागा दिवसा पायाखाली घातलेली नसेल आणि कुठल्या दिशेला गोळी अडवणारा उंचवटा आहे हे ठाऊक नसेल, तर यंत्र कितीही भारी असलं तरी बार टाकू नये. (रात्री शिकार करणं किंवा बंदुकीवर असं यंत्र लावणं कित्येक ठिकाणी बंद आहे, कित्येक ठिकाणी ठराविक उपद्रवी जनावरांपुरतंच चालतं. तो नियम खरेदीच्या आधी बघायचा.)

फोर-केचं उत्तर तसं सोपं आहे. फोर-के हा बहुतेकदा व्हिडिओ साठवण्याचा आकडा असतो. आत १९२० बाय १०८० पिक्सेलचा सेन्सर असला तरी चित्र फुगवून फोर-के फाइल करता येते. आणि सेन्सर खरंच तेवढ्या पिक्सेलचा असला, तरी तेवढ्याच आकाराच्या तुकड्यावर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. रात्री खरी टंचाई प्रकाशाची असते. म्हणून सेन्सर आकाराने किती मोठा आहे, त्याची घडण अंधारासाठी आहे का (सोनीच्या स्टारव्हिस मालिकेचं नाव यासाठीच घेतलं जातं), आणि पुढची लेन्स किती प्रकाश आत घेते, हे विचारा. एफ १.२ ची लेन्स एफ २.४ च्या चौपट प्रकाश घेते. हा चौपटीचा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. माझ्या मते मर्यादित पैशात पहिला खर्च लेन्सवर, दुसरा डोळ्यापुढच्या पडद्यावर. व्हिडिओ, वाय-फाय, होकायंत्र या गोष्टी नसल्या तरी काही अडत नाही.

‘ट्यूबच्या तोडीचं’ या दाव्याबद्दल अन्याय करायचा नाही. डिजिटल यंत्र दिवसाही वापरता येतं, समोरून गाडीचा दिवा आला तर बिघडत नाही, आणि किंमत ट्यूबच्या मानाने फारच कमी. एका जागी दबा धरून बसणाऱ्याला ते पुरतं. पण ‘दुसऱ्या पिढीच्या बरोबरीचं’ असं डिजिटल यंत्रावर लिहिलेलं दिसलं तर ते सोडून द्या. पिढ्या ट्यूबच्या असतात, सेन्सरच्या नसतात. ट्यूब चांदण्यांच्या उजेडावर चालते. स्वस्त सेन्सरला चंद्र नसलेल्या रात्री स्वतःचा दिवा लावावाच लागतो. शिवाय अंधारात तो प्रत्येक चौकटीसाठी जास्त वेळ घेतो, म्हणून पळणारं जनावर फरफटलेलं दिसतं आणि यंत्र डोळ्याला लावून चालू लागलात तर पाऊल चुकतं.

मग दिव्याचं काय? ९४० नॅनोमीटरचा दिवा माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, हे खरं. ८५० च्या दिव्याकडे थेट पाहिलं तर मंद लाल ठिपका दिसतो, हेही खरं. पण सिलिकॉनचा सेन्सर ९४० ला बराच कमी संवेदनशील असतो. तेवढ्याच ताकदीच्या दिव्यात टप्पा डोळ्यांदेखत घटतो. आणि अंतर दुप्पट झालं की जनावरावर पडणारा प्रकाश चौथाई होतो, म्हणून ही तूट लांबवर फार जाणवते. शिवाय ‘कुणालाच दिसत नाही’ हे छातीठोकपणे सांगता येत नाही: जंगलात लावायच्या कॅमेऱ्यांवर २०१४ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जनावरांना हे कॅमेरे ऐकूही येतात आणि दिसूही शकतात, असा निष्कर्ष होता. माझा कल ८५० कडे. ३०-४० मीटरवर, एकाच वाटेवर नजर ठेवून बसायचं असेल तर ९४० घ्या. आणि वारा तुमच्याकडून जनावराकडे वाहत असेल तर दिवा कुठलाही असो, ते आधीच निघून जातं.

दिवा कुठला यापेक्षा कुठे लावला याने जास्त फरक पडतो. लेन्सला चिकटून असलेला दिवा लावून गवताच्या काठाला बसून बघा. तीन मीटरवरची चार पाती पांढरीफेक पेटतात, यंत्र त्या उजेडाला घाबरून सगळं चित्र खाली ओढतं, आणि मागे साठ मीटरवर चरणारं जनावर करड्या डागासारखं विरून जातं. धुकं किंवा भुरभुर पाऊस असला तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो. दिवा वेगळा, लेन्सपासून वीतभर तरी बाजूला, आणि झोत बारीक-मोठा करता येणारा हवा. लेझरचा दिवा घेतलात तर तो माणसाच्या तोंडावर कधीही धरू नका. प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि इजा मात्र होऊ शकते.

झूम जितका जास्त तितकं बरं म्हणणारे चुकतात, आणि झूम म्हणजे निव्वळ फसवणूक म्हणणारेही. सेन्सरवर पडद्यापेक्षा जास्त पिक्सेल असतील तर सुरुवातीचा झूम खरा तपशील देतो. वरच्या उदाहरणात १९२० चा सेन्सर आणि ६४० चा पडदा असल्याने तिपटीपर्यंत फायदा आहे. त्यापुढे फक्त चौकोन मोठे होतात. तेव्हा ‘२० पट’ वाचून भुलू नका.

थर्मलची गरज संपली, हे तर अजिबात नाही. थर्मल उष्णता बघतं. त्याला दिवा लागत नाही, आणि झुडपात अर्धवट दडलेलं जनावरही काही सेकंदांत सापडतं. पण २५६ बाय १९२ च्या स्वस्त थर्मलमध्ये शिंगं, पिल्लं, गळ्यातला पट्टा ओळखणं कठीण. शोधायला थर्मल, ओळखायला डिजिटल, असं जोडीने वापरणारे बरेच आहेत. एकच परवडत असेल आणि ठरलेल्या जागी बसायचं असेल, तर डिजिटल घ्या.

बॅटरीचं पटकन सांगतो. अशा यंत्रांत लागणाऱ्या १८६५० मापाच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच क्षमता छापलेली दिसली तर तो खोटा. खरा सेल ३५०० च्या आसपास थांबतो. थंडीत तोही लवकर उतरतो. आणि रायफलवर लावायचं यंत्र तुमच्या काडतुसाचा धक्का सोसतं का हे लेखी बघा. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का दोन्ही दिशांनी बसतो, त्याने चांगल्या स्कोपचीही वाट लागते.

विकत घ्यायच्या आधी एक चाचणी करा, बंदूक घरी ठेवून. पुठ्ठ्याचे दोन आकार कापा, एक डुकराचा, एक कुत्र्याचा, दोन्ही साधारण खऱ्या मापाचे. चंद्र नसलेल्या रात्री सोबत्याला ५०, १००, १५० मीटरवर जायला सांगा. कुठला आकार उभा केला ते त्याने सांगायचं नाही. प्रत्येक अंतरावर दहा-दहा वेळा ओळखून बघा. जिथे पहिल्यांदा चुकलात, त्याच्या अलीकडच्या टप्प्यापर्यंतच ते यंत्र तुमच्या कामाचं आहे.