वरातीमागून घोडे

घोड्यांशी माझा पूर्वसंबंध म्हणाल तर तो माथेरानच्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचा, आणि तोही घोडेवाल्याने लगाम हातात धरून पायी चालत राखलेला. असे असताना डेन्व्हरहून चार तास गाडी हाकून, पाठीवर माणूस टिकू न देणे हाच ज्यांचा पेशा आहे अशा ब्राँक घोड्यांची छायाचित्रे काढायला मी वायोमिंग राज्यातल्या एका लहानशा गावाच्या रोडिओत, म्हणजे काऊबॉयांच्या घोडेस्वारीच्या सामन्यांत, का गेलो, याचे सरळ उत्तर असे की, भाड्याने आणलेली भलीथोरली लेन्स सोमवारी परत करायची होती आणि तोवर तिच्यातून मी फक्त शेजाऱ्यांच्या झाडावरची खार टिपली होती.

वायोमिंगमध्ये उसळता घोडा ही चैन नव्हे, राजचिन्ह आहे. मोटारींच्या नंबरप्लेटवरसुद्धा तो १९३६ सालापासून उसळतो आहे. पुढच्या गाडीवरच्या त्या चित्राकडे चार तास पाहून माझा असा समज झाला होता की, घोडा साधारण याच पोझमध्ये उभा राहत असावा.

खेळाचा नियम ऐकायला सोपा आहे. स्वाराने एका हाताने धरून आठ सेकंद घोड्यावर टिकायचे. मोकळा हात घोड्याला किंवा स्वतःला लागला की तो बाद. फाटकातून बाहेर पडताना घोड्याचे पुढचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकतील तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असल्या पाहिजेत, नाहीतर पुढची सगळी मर्दुमकी फुकट. शंभरपैकी निम्मे गुण स्वाराचे आणि निम्मे घोड्याचे. स्वाराला पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याबद्दल घोड्याला मिळणारे गुण त्या स्वाराच्याच खात्यात जमा होतात, हे मला फार आवडले. आमच्या कचेरीत ही पद्धत असती तर मी केव्हाच वरच्या पदावर गेलो असतो.

माझे गणितही तयार होते. सेकंदाला दहा फोटो, म्हणजे आठ सेकंदांत ऐंशी. ऐंशीत एक तरी चांगला निघणारच. घोडा ज्या अरुंद लोखंडी कप्प्यातून सुटतो त्याला तिकडे ‘शूट’ म्हणतात, आणि मीही शूटच करणार होतो. नागरी लिपीत दोन्ही शब्द सारखे दिसतात, एवढाच काय तो त्यांच्या शूटचा आणि माझ्या शूटचा मेळ त्या संध्याकाळी बसला.

पहिला स्वार सुटला तेव्हा मी लेन्सचे झाकण काढत होतो. दुसऱ्याच्या वेळी कॅमेऱ्याने घोड्याऐवजी कुंपणाच्या आडव्या नळीवर फोकस धरला. त्या नळीचे वेल्डिंग इतके स्वच्छ आले आहे की, ते करणाऱ्याने दिवाणखान्यात लावावे. तिसऱ्याच्या वेळी सगळे जुळले होते, पण मी अतिउत्साहाने फाटक उघडण्याआधीच बटण दाबून धरले, आणि घोडा खरोखर चारही पायांनी हवेत गेला त्या क्षणी कॅमेऱ्याने फोटोंनी पोट भरल्यासारखा आ मिटला. चौथ्याचा घोडा नेमका माझ्याच बाजूला आला. त्या वेळी मी फोटो काढण्याऐवजी कुंपणापासून तीन पावले मागे उभा होतो. कॅमेरा छातीशी होता आणि डोळे मिटलेले होते.

१८७८ साली एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली तेव्हा त्याने कॅमेऱ्यांची रांग लावून घोड्याच्या वाटेत धागे ताणले होते. घोडा धाग्याला लागला की फोटो निघायचा. म्हणजे बटण दाबण्याचे काम त्याने चक्क घोड्यावरच सोपवले होते. शाळेत ही गोष्ट मला विज्ञानाची वाटली होती. त्या कुंपणाशी उभे राहिल्यावर ती मनुष्यस्वभावाची वाटू लागली.

तोवर सूर्य कलला. धूळ सोन्यासारखी उजळली, आणि मी तिचे कौतुक करीपर्यंत विझलीसुद्धा. गावच्या मैदानावरचे दिवे कॅमेऱ्यासाठी नव्हे, घरी जाताना लोकांना खड्डा दिसावा म्हणून लावलेले असतात. सेकंदाचा हजारावा भाग हा वेग धरला तर अंधार, वेग कमी केला तर घोड्याच्या जागी तपकिरी वादळ, आणि संवेदनशीलता वाढवली तर चित्रभर मोहरी फुटल्यासारखे दाणे.

घोडे कुठे पेंड खात होते ते शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या छायाचित्रकाराने सांगितले. बराच वेळ मला न्याहाळून तो म्हणाला, “तुम्ही घोड्याकडे पाहताय. घोडा दिसला म्हणजे क्षण गेला. स्वाराच्या हनुवटीकडे पाहा.” खरेच, स्वार आधी मान हलवतो, मग फाटक उघडते. मी लेन्स हनुवटीवर रोखली. पुढचा स्वार विशीतला होता. त्याने टोपी खाली दाबली, जाड विणलेला दोर मुठीत घट्ट केला, एकदा थुंकला आणि मान हलवली. मी बटण दाबले. तिसऱ्या सेकंदाला तो जमिनीवर होता आणि त्याला सोडवायला धावलेल्या दोन घोडेस्वारांपैकी एकाने माझ्यासमोर पडदा धरला.

खेळ संपल्यावर वाहनतळाकडे जाताना तो पोरगा लंगडत माझ्यापाशी आला. कॅमेऱ्याचा आकार पाहून त्याचा गैरसमज झाला असावा. “माझ्या घोड्याचा एखादा फोटो मिळाला का?” त्याने फार अदबीने विचारले. मी ओशाळून कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात दोन मागचे खूर, त्यांच्यामागे शेपटीचा फराटा, आणि बाकी सगळी धूळ.

त्याने वाकून ते बराच वेळ पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “हाच तो!” तो म्हणाला. “मलाही एवढाच दिसला होता.”